मालन सिस्टर, ती बाटली चांगली होती

तुमच्या दहाव्याला माळशेज घाट चढून आलो होतो. ओटीवर खुर्चीत तुमचा फोटो ठेवलेला, त्याला हार, आणि फोटोत तुम्ही हसत होता. मला आधी संशयच आला, हा दुसऱ्याच कुणाचा तर नाही? इतक्या वर्षांत मी तुम्हाला असं तोंडभर हसताना पाहिलं नव्हतं. माझ्याकडे बघून तर नाहीच. शेजारच्या बाईला विचारलं तर म्हणाली, पुतणीच्या लग्नातला आहे. मग पटलं.

दवाखान्यातली माणसं तुमच्या नावाने एक पुस्तिका काढतायत. डॉक्टरसाहेबांचा निरोप आला, बाबा, सिस्टरांच्या सेवेबद्दल तुम्ही पण चार ओळी द्या. सेवेबद्दल बाकीचे लिहितील, तुमच्या नोकरीचं किती साल आणि कुठली कुठली बदली तेही तेच लिहितील. मी चौथी नापास. भातसा धरणावर चौकीदारी करून म्हातारा झालो. एक ओळ लिहायला मला एक बिडी लागते. तेवढा खटाटोप मी तुमची स्तुती करायला नाही करणार. मला तुम्हाला एक विचारायचं होतं आणि ते राहून गेलं. माझ्या नातीला तुम्ही आमच्या घरच्या बाटलीतलं औषध टोचलंत, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का, की मी खोटं बोललोय?

वनी तेव्हा अकरा वर्षांची. साखरेचा आजार तिला नवव्या वर्षीच लागला. दिवसातून दोन वेळा सुई. सुई सून द्यायची, म्हणजे वनीची आई. सातवी शिकलेली, हात हलका. पोरगा माझा ट्रकवर, महिना महिना गुजरातकडे, म्हणून घरात शब्द माझा. औषधाच्या दोन बाटल्या असायच्या, एक पाण्यासारखी स्वच्छ, एक दुधट. गावात तेव्हा फ्रीज कुणाकडेच नव्हता. सून बाटल्या डबीत घालायची आणि डबी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची. वाळू सुकू द्यायची नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच शोधलं.

त्या साली भात कापणीला आलं तेव्हा वनीला ताप भरला. उलट्या लागल्या. पेज पोटात ठरेना. सून सुई भरून आली तर मी तिला अडवलं.

आजार निघाला तेव्हाच्या डॉक्टरने आम्हाला बजावलं होतं, सुई दिली आणि पोर जेवली नाही तर साखर उतरून बेशुद्ध पडेल. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात माझं धरणावरचं डोकं. पावसाळ्यात तासातासाला पाण्याची पट्टी वाचायचो मी. वरून आवक नसेल तर दार उघडायचं नाही, हा नियम. पोरीच्या पोटात शीत नाही, मग साखर येणार कुठून? आणि साखर नाही तर सुई कशाला?

सून म्हणाली, "मामा, सुई कधीच बंद नाय करायची असं सांगितलंय त्यांनी."

"तू डॉक्टरीन झालीस काय?" मी म्हणालो.

तीन दिवस मी सुई बंद ठेवली. बरोबर करतोय असं मला वाटत होतं. हे मी माफी मागायला लिहीत नाही, जसं होतं तसं लिहितोय.

चौथ्या दिवशी सकाळी वनीचा श्वास असा चालला होता की जशी घाट धावत चढून आलीय. हाक मारली तर डोळे उघडायची आणि परत मिटायची. शहापूरला एका डॉक्टरकडे नेलं. त्याने हात लावला न लावला आणि म्हणाला, कल्याणला हलवा, आत्ताच्या आत्ता. मला वाटलं, याचं तिकडे काहीतरी साटंलोटं असणार. माझा भाऊ मोठ्या हॉस्पिटलात चालत गेला होता आणि चादरीत गुंडाळून परत आला होता. मी नाही म्हणालो. ओळखीची एक जीप मुरबाडच्या रस्त्याने निघाली होती, तिच्यात पोरीला आडवं घातलं आणि तुमच्या त्या वीस खाटांच्या दवाखान्यात आणलं. तिथला डॉक्टर माणसाशी नीट बोलतो असं ऐकून होतो. तुमच्याबद्दल काही ऐकलं नव्हतं.

तुम्ही आलात आणि पोरीची नाडी बघायच्या आधी तिच्या तोंडाशी नाक नेलंत. तुम्हाला आठवतं ना? वनीच्या तोंडाला वास येत होता, नासक्या फळाचा, मोहाच्या दारूसारखा. माझं डोकं फिरलं.

"काय हुंगताय?" मी म्हणालो. "आमच्या घरात पोरींना दारू नाय पाजत."

"मी कुठं म्हणाले, बाबा?"

"मंग हुंगता कशाला?"

"हा आजाराचा वास आहे. रक्तात आंबट विष चढलंय. तुम्ही बाजूला व्हा, नाहीतर तुमचा पण तपास करावा लागेल."

घाटावरच्या बाईची जीभ, असं मी मनात म्हटलं. मग तुम्ही पोरीची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात उकळलीत. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल झालं, म्हणजे साखर काठोकाठ. रक्तातली साखर बघायचं यंत्र दवाखान्यात होतं, पण त्याच्या पट्ट्या संपल्या होत्या. बाकीचं रक्त कल्याणला धाडायचं, तर उत्तर यायला दुसरा दिवस. म्हणजे पोरीच्या आत काय चाललंय ते कळायला तुमच्याकडे ती नळी, घड्याळ आणि तुमचे डोळे. शहापूरच्या डॉक्टरचं ऐकायला हवं होतं की काय, असं एकदा वाटलं. पण मी ते तोंडावर येऊ दिलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, इंजेक्शन चुकलं का? एखादा दिवस?"

"एकपण नाय," मी म्हणालो.

सून भिंतीला टेकून उभी होती. पदर दातात धरलेला. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मग डॉक्टर म्हणाले, सुई रोज दिली तरी असं झालं, म्हणजे औषध नासलेलं असणार. बाटली कुठे ठेवता? सुनेने पिशवीतून डबी काढली. ती डबी तिने जीपमध्ये सुद्धा ओल्या फडक्यात बांधून आणली होती. माठाखाली ठेवते म्हणाली. आणि तुम्ही, सिस्टर, सगळ्या वॉर्डासमोर तिला बोललात. "अगं, औषध आहे की लोणचं? वाळूत पुरतेस?" सून खाली मान घालून ऐकत राहिली. मी तिथेच उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. नाही बोललो.

दिवसभर मग तुमचं ते काम. बाटलीमागून बाटली खारं पाणी शिरेतून, आणि तासातासाला मांडीत सुई. मला वाटे, पोर मरायला टेकली आणि हे नुसतं पाणी भरतायत. मी तुमच्या पाठीमागे पाठीमागे. ही बाटली आधी फोडलेली तर नाही? हे कुणाचं उरलेलं तर नाही? मघाशी वेगाने सोडत होता, आता हळू का केलं? तुम्हाला तिकडे तीन बाळंतिणी, एक विंचू चावलेला माणूस, आणि इकडे मी.

शेवटी तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. "बाबा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही ना?"

"नाय."

"झकास. मला असाच माणूस पाहिजे. बसा इथं."

बाटलीवर तुम्ही चिकटपट्टीचा उभा तुकडा लावला, त्याच्यावर पेनाने आडव्या रेघा मारल्या, आणि म्हणालात, या रेघेवर पाणी अकरा वाजता यायला पाहिजे, या रेघेवर बारा वाजता. पुढे पळालं तरी मला हाक मारा, मागे राहिलं तरी मारा. श्वास मिनिटाला किती ते मोजा. लघवी झाली तर भांड्यात धरा आणि किती ते सांगा. मला हे सांगायला लागलं नाही दुसऱ्यांदा. पट्टी वाचायचं काम मी पंचवीस वर्षं केलं होतं. कागदावर रेघा ओढून मी सगळं टिपलं. एकदा नळी वाकली, पाणी थांबलं, ते तुमच्या आधी मला दिसलं. तुम्ही आलात, नळी सरळ केलीत आणि नुसतं "हूं" म्हणालात. इतर कुणी शाबासकी दिली असती. तुम्ही हूं म्हणालात, म्हणून मला ते खरं वाटलं.

दुपारी चारच्या सुमाराला दवाखान्यातली सुईच्या औषधाची बाटली संपली. एकच होती, ती पण अर्धी. माणूस सकाळीच कल्याणला पाठवला होता, तो आला नव्हता. वनीचा श्वास थोडा उतरला होता, पण नळी अजून लालच. डॉक्टर म्हणाले, घरची बाटली द्यायला माझा हात धजत नाही. औषध मेलेलं असेल तर आपण देतोय असं समजून बसू आणि तास वाया जातील. तेवढ्यात त्यांना बाळंतपणाला बोलावलं, ते गेले.

खाटेशी तुम्ही आणि मी. तुमच्या हातात आमची ती स्वच्छ पाण्यासारखी बाटली.

सिस्टर, त्या वेळी अख्ख्या दवाखान्यात ती बाटली चांगली आहे हे मला माहीत होतं आणि सुनेला माहीत होतं. सून बाहेर कपडे धुवायला गेलेली. औषध नासलं नव्हतं, ते दिलंच नव्हतं. एवढं बोलायचं होतं.

मी म्हणालो, "ती बाटली वापरा."

"कशावरून चांगली आहे?"

"मी सांगतो म्हणून."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. पोरीचा श्वास वाजत होता. "अजून काही सांगायचंय, बाबा?"

"नाय."

तुम्ही आत गेलात. बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून तुमचा आवाज आला, "माझ्या जबाबदारीवर." डॉक्टर काय बोलले ते ऐकू आलं नाही. परत आलात, सुई भरलीत, उजेडात धरून बुडबुडा काढलात आणि वनीच्या मांडीत दिलीत. तासाने पुन्हा. दिवे लावायच्या वेळेला तुम्ही नळी उकळली आणि ती लाल झाली नाही. पिवळ्यावर थांबली. त्याच्या पुढच्या वेळी हिरवी. तुम्ही नळी माझ्या डोळ्यांसमोर धरली. बाटली चांगली होती हे त्या नळीने सांगितलं. मग औषध का चाललं नाही, हा प्रश्न उरतो. तो तुम्हाला पडला नसेल असं मला एक दिवस सुद्धा वाटलं नाही.

पण त्या वेळी मी तुमच्याशी भांडलोच. तुम्ही खाऱ्या पाण्याची बाटली काढून साखरेच्या पाण्याची लावायला आणलीत. मी तुमचा हातच धरला. "साखरेच्या पेशंटला साखर? मारायचीय का?"

"हात सोडा. साखर उतरली, विष अजून आहे. विष सुईनेच जाणार. सुई चालू ठेवायची तर साखर द्यावी लागते, नाहीतर पोर बेशुद्ध पडेल." आणि मग हळू म्हणालात, "पोर जेवत नाही म्हणून सुई बंद करत नाहीत, बाबा. तिला साखर पाजतात आणि सुई देतात."

तुम्ही हे मुद्दाम बोललात का? मी तुमचा हात सोडला. तेवढा वेळ मी सगळीकडे बघितलं, तुमच्याकडे सोडून.

दुसऱ्या दिवशी वनी उठून बसली. उलटी थांबलेली. तुम्ही शहाळ्याचं पाणी चमच्याचमच्याने द्यायला लावलंत, त्यातल्या क्षाराने हृदय नीट चालतं म्हणालात. मी म्हणालो, शहाळं आमच्या घरचं आणा, बाजारचं नको. तुम्ही म्हणालात, "आणा की, आधी स्वतः पिऊन दाखवा म्हणजे झालं." वनी हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा.

त्या हसण्याबद्दल मी तुमचा देणेकरी. बाकी कशाबद्दल आहे ते मला अजून ठरवता येत नाही.

गावात गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं असेल का? सगळ्यांनी म्हटलं, म्हाताऱ्याने दिवसभर जागेवरून न हलता पोर वाचवली. आणि सुनेने औषध नासवलं. पोरगा गुजरातहून आला, त्याने ऐकलं आणि वर्षभर तिच्याशी धड बोलला नाही. "हिच्या हातात बाटली देऊ नका," असं तो तिच्यादेखत मला म्हणाला. तेव्हापासून सुई मी द्यायला लागलो. माझ्या जाड बोटांनी. वनी कळवळायची, आणि सून चुलीपाशी बसून ऐकायची. बाटल्या मात्र तशाच राहिल्या, माठाखाली, तिच्या वाळूत. त्या कधीच नासल्या नाहीत. हे पण कुणाला विचित्र वाटलं नाही.

दर दोन महिन्यांनी वनीला घेऊन तुमच्याकडे यायचो. "आले इन्स्पेक्टर," तुम्ही म्हणायचात. ज्याच्यापाशी नातेवाईक नाही अशा पेशंटची बाटली बघायला मला बसवायचात. बाटलीवरची तारीख मी वाचायचो, तुम्ही वैतागायचात, आणि एकदा खरंच मुदत संपलेली निघाली तेव्हा मी निघेपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. आपला वाद अर्धाच राहिला, की माणूस चांगला विश्वासाने होतो की पाळतीने. तुम्ही म्हणायचात विश्वासाने, आणि कपाटाची किल्ली कमरेला बांधून फिरायचात.

आणि निघताना दर खेपेला, केसपेपर देताना, "बाकी काही सांगायचंय, बाबा?" मी म्हणायचो नाय. हे तुम्ही सगळ्यांनाच विचारत असाल असं मी धरून चाललो. एकदा दारामागे उभं राहून ऐकलं. दुसऱ्या कुणाला विचारलं नाहीत.

इथपर्यंत लिहून झालं आणि मी कागद सुनेला दिला. माझं शुद्धलेखन तीच सुधारते. वनी आता वाशिंदला कंपनीत पॅकिंगला जाते, स्वतःची सुई स्वतः घेते, ती कामावर होती. सून ओटीवर बसून वाचत गेली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. वाचून झाल्यावर तिने कागद गुडघ्यावर ठेवला.

"सिस्टरना मी तवाच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"त्याच दिवशी. दुपारी, नळावर. त्या आल्या हात धुवायला. मी म्हणाले, औषध चांगलं हाय, तीन दिवस दिलं नाय. बाटली वापरा."

"मंग त्यांनी मला कशाला विचारलं?"

"ते मला काय म्हाईत? मला एवढं म्हणाल्या, म्हातारा मानी आहे. चारचौघांत खाली पाडला तर पोरीला उचलून घरी नेईल. पोर बरी होईपर्यंत तू बोलणी खा, बाई. मग तो आपणहून सांगेल."

खरं सांगतो, पहिला विचार माझ्या मनात आला तो हा, की ही आता खोटं बोलतेय, तुम्ही नाहीत म्हणून. मग मला "माझ्या जबाबदारीवर" आठवलं. तुम्हाला कसली जोखीम होती? तुम्हाला तर माहीत होतं. म्हणजे तुम्ही मला तिथे उभं करून वाट बघितलीत. पोर नेणार नाही इतपत माझा मान राखलात, आणि बोलायला वाट मोकळी ठेवलीत. मी समजत होतो की माझ्या शब्दावर तुम्ही बाटली वापरली. इतकी वर्षं मनातल्या मनात मी त्याच्यावर मिशीला पीळ देत होतो.

"आणि तू का नाय बोललीस? एवढी वर्षं?"

"तुमी बोलाल म्हणून," सून म्हणाली. "सिस्टर म्हणाल्या होत्या ना."

तुमचा अंदाज चुकला, सिस्टर. पेशंटचा नाही चुकला, माझा चुकला. पोर बरी होईपर्यंतचे तुमचे ते चार दिवस सुनेने बारा वर्षं पाळले.

रविवारी पोरगा घरी होता. वनी होती. भावकीतले दोघं आले होते, त्यांना मीच बोलावलं होतं. चहा व्हायच्या आधीच मी सांगून टाकलं. बसूनच सांगितलं, उभं राहवेना. सुई मी बंद केली होती, तीन दिवस. औषध सुनेने नासवलं नाही. डॉक्टरांशी मी खोटं बोललो, आणि तुम्हा सगळ्यांशी पण. भावकीतला एक जण म्हणाला, जाऊ दे म्हातारबा, आता कशाला. वनी माझ्याकडे बघत होती, जसं अनोळखी माणसाकडे बघावं.

मी बोलत होतो तोवर आत सुनेची भांडी वाजायची थांबली होती. मग पोरगा उठला आणि आत गेला.